मालनने थांबवलेली सुपारी

मालन वाळंजच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे डोंबिवलीपासून जुन्नरपर्यंत सगळ्या भावकीला माहीत होतं. एका शनिवारी ते ठाण्यालाही कळलं.

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या एका संस्थेत दर शनिवारी मालनचं प्रशिक्षण चालायचं. ज्या मुलांवर कोणी अत्याचार केलाय, त्यांची केस कोर्टात उभी राहिली की पोलीस, वकील, डॉक्टर या गर्दीत त्या मुलाचं म्हणून एक माणूस लागतं. कोर्टात काय होणार ते मुलाला आधी सांगायचं, त्याच्याबरोबर जायचं, त्याच्या शेजारी बसायचं. सपोर्ट पर्सन म्हणतात त्याला. पगार नाही, काही नाही. गॅस एजन्सीच्या काउंटरवर उभं आयुष्य काढून निवृत्त झालेल्या मालनने पेपरातली जाहिरात वाचली आणि नाव घातलं. घरात कोणाला विचारलंही नाही.

तर त्या शनिवारी शिकवणाऱ्या माया मॅडमनी एक खेळ घेतला. सकाळी प्रत्येकाच्या कानात एक खोटंखोटं गुपित सांगितलं आणि म्हणाल्या, दिवसभर सांभाळा. बाकीच्यांनी ते काढून घ्यायचं. मालनचं गुपित होतं, एका मुलीने शेजाऱ्यांचं मांजर लपवून ठेवलंय. जेवणाचे डबे उघडेपर्यंत ते पाचजणींना कळलं होतं. चहाच्या वेळी तर गेटवरच्या वॉचमननेच विचारलं, "ताई, मांजर मिळालं का ओ?"

सगळा वर्ग हसला. माया मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मालनला बाजूला घेतलं.

"मालनताई, मुलं तुमच्याजवळ पटकन मोकळी होतात. ते शिकवून येत नाही कोणाला. पण मूल जे सांगतं ते त्याचं असतं. तुम्ही ते नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, दिलासा म्हणून नाही की कौतुक म्हणून नाही. हे जमणार नसेल तर मी तुम्हाला कोर्टात पाठवू शकत नाही. पुढच्या शनिवारी ठरवू."

मालनला रडूच आलं. घरी येऊन चपला काढायच्या आत तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं.

दौलत पेपर खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे हेही सांगितलंसच तू मला."

"मग काय करू? पोट फुगून मरू?"

आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ऋतुराजची सुपारी होती.

*

ऋतुराज म्हणजे दौलतचा थोरला भाऊ काळुराम, त्याचा मुलगा. एकाच बिल्डिंगमध्ये दोघे भाऊ, काळुराम पाचव्या मजल्यावर, दौलत तिसऱ्यावर. ऋतुराज आणि टिटवाळ्याची पायल ठाण्याला एकाच लॅबमध्ये कामाला. त्यांचं त्यांनी जमवलं होतं, आता मोठ्यांनी शिक्का मारायचा होता. वाळंजांकडे तो शिक्का म्हणजे सुपारी. दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर बसतात, थोरला माणूस अडकित्त्याने सुपारी फोडतो, तुकडे सगळ्यांत वाटतो. एकदा फुटली की शब्द गेला. मग माघार घेणाऱ्याच्या घरी भावकी पाणी पीत नाही.

पायलचे वडील नव्हते. आई मंदाकिनी, मामा दिपेश आणि स्वतः पायल, एवढीच माणसं आली. लिफ्ट चालू असताना पायल पाच मजले जिन्याने चढून आली, ते सुमतीने बरोब्बर हेरलं. सुमती म्हणजे नवऱ्यामुलाची आई.

"बघ," ती स्वयंपाकघरात मालनला म्हणाली, "पोरगी कामाची आहे. नाहीतर आजकालच्या, एक मजला चढायचा तर धापा टाकतात."

सुमती मालनशी एवढंच बोलायची. ऋतुराज बारावीला नापास झाला तेव्हा तिने रडत रडत फक्त मालनला सांगितलं होतं, आणि गावच्या जत्रेत पाळण्यात बसलेल्या बायासुद्धा "पोराचं काय झालं गं?" म्हणून विचारायला लागल्या. त्यानंतर मालनला तिने मिठामिरचीपलीकडे काही सांगितलं नव्हतं. एकत्र पापड लाटायच्या, एकत्र गौरी बसवायच्या, पण मनातलं म्हणून एक अक्षर नाही.

पोहे झाले, चहा झाला. काळुरामने पाटावर तांदूळ मांडून वर सुपारी ठेवली. सुट्टीला आलेल्या नातीला, लेकीच्या सहा वर्षांच्या सान्वीला, पाटाला पाय लावला म्हणून दटावलं. ऋतुराजला गजरे आणि हार आणायला फडके रोडला पिटाळलं.

"तो येईपर्यंत थांबायचं का?" दिपेशमामांनी विचारलं.

"सुपारीला नवऱ्यामुलाचं काय काम? साडेचारला राहुकाळ लागतो. त्याच्या आत फोडून मोकळं व्हायचं."

तेवढ्यात बेल वाजली आणि दारात हवालदार उभा.

तिसऱ्या मजल्यावर कुलूप दिसल्यामुळे वॉचमनने त्याला वर पाठवलं होतं. "मालन दौलत वाळंज इथंच भेटतील ना? पडताळणी आहे," तो म्हणाला. शुभकार्यात खाकी बघून काळुरामचा चेहरा उतरला, पण माणूस मोठा हजरजबाबी.

"पासपोर्ट!" तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला. "आमच्या मालनचा पासपोर्ट आहे. दुबईला निघालीय."

"अरे वा! दुबईला कोण असतं?" मंदाकिनीने विचारलं.

"कोणी नाही. असंच, फिरायला."

मालन आ वासून थोरल्या दिरांकडे बघत राहिली. हवालदाराला पोहे दिले. त्याने पोटभर खाल्ले आणि तोंड पुसत म्हणाला, "पासपोर्टचं नाही साहेब. ताई त्या मुलांच्या केसेसचं काम करणार ना, पोक्सोच्या, कोर्टात. त्याची पडताळणी. वागणूक चांगली आहे ना यांची?"

"वागणूक चांगलीय," सुमती आतून म्हणाली. "तोंडाचं काही लिहायचंय का?"

हवालदार हसत गेला. बाहेरच्या खोलीत मात्र कोणी हसलं नाही. दिपेशमामा खाली बघत म्हणाले, "आजच्या दिवशी हा विषय निघायला नको होता."

"विषय निघाला तर निघाला," मालन म्हणाली. "चोरी नाही करत मी. त्या पोरांना मोठ्या कोर्टात एकटं उभं राहावं लागतं हो. मी नुसती शेजारी बसणार. कोणी ओरडलं तर सांगणार, साहेब, तिला पाणी पाहिजे. एवढंच."

पायल रिकाम्या कपांचा ट्रे उचलत होती. ती तशीच थांबली. मग ट्रे परत खाली ठेवून म्हणाली, "काकी, मला जरा गच्चीवर नेता? गरम होतंय."

"पायल," मंदाकिनी एकदम म्हणाली. "बस इथंच."

"आले आई पाच मिनिटांत."

*

गच्चीवर कोणाच्या तरी कुरडया वाळत होत्या. टाकीच्या सावलीत जुना बाक होता, त्यावर दोघी बसल्या.

"काकी, तुम्ही खरंच त्या मुलांच्या शेजारी बसता?"

"अजून कुठलं? शिकतेय. त्यातही नापास व्हायच्या बेतात आहे."

पायल हसली नाही. "मी दहा वर्षांची होते," ती म्हणाली. "तेव्हा असं शेजारी बसणारं कोणी नव्हतं."

मालनच्या जिभेवर एकदम सगळे प्रश्न गोळा झाले. कोण होता? कुठे? किती दिवस? तिने ओठ घट्ट मिटले. मुलाला खोदून विचारायचं नाही, ते देईल तेवढंच घ्यायचं, हे तिने वहीत दोनदा लिहून घेतलं होतं. तिने फक्त हात पुढे केला आणि विचारलं, "हात धरू का तुझा?"

पायलने मान हलवली. मग थोडं थोडं बोलली. त्यांच्या जुन्या बिल्डिंगमधला माणूस, लिफ्ट चालवायचा. आईने कोणाची भीड न धरता पोलिसात दिलं. "पण कोर्टात तो समोरच उभा असेल हे मला कोणी सांगितलंच नव्हतं काकी. मी त्याला बघितलं आणि सगळं विसरले. वकील विचारत होते आणि मला वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलंय. शेवटी शिक्षा झाली त्याला. पण ती खोली अजून स्वप्नात येते."

मालनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आपण रडायचं नसतं, हेही वहीत होतं. ते काही जमलं नाही.

"तुझं काही चुकलं नव्हतं गं बाळा," ती म्हणाली.

"माहितीय. आता माहितीय." पायलने ओढणीने तोंड पुसलं. "ऋतुराजला माहीत नाही. आई म्हणते, सुपारी होऊ दे, लग्न होऊ दे, मग बघू. पण सुपारी फुटल्यावर सांगितलं तर त्याला नाही म्हणता येईल का? मला त्याचं खरं हो पाहिजे. इतके दिवस धीर झाला नाही. आज तुमचं ऐकून झालाय, तर तो फोन चार्जिंगला लावून बाहेर गेलाय. काकी, तो येईपर्यंत सुपारी थांबवाल?"

"थांबवते की! त्यात काय?"

"पण का, ते कोणाला सांगायचं नाही. दौलतकाकांनाही नाही. तुमच्याबद्दल ऋतुराजने सांगितलंय मला," पायल जरा चाचरली, "की तुम्हाला सांगितलं म्हणजे भोंगा लावून रिक्षा फिरवल्यासारखं असतं."

"मग बये, एवढ्या घरात तुला मीच सापडले?"

"तुम्हीच म्हणालात ना, शेजारी बसायचं. दुसरं कोणी तसं म्हणालंच नाही कधी."

*

मालन खाली आली तेव्हा काळुरामने अडकित्ता उघडला होता.

"भाऊजी, सुपारी जरा थांबवा."

"का?"

"ऋतुराज येऊ दे."

"राहुकाळ लागेल गं. सांगितलं ना मघाशी."

"लागू दे. पण थांबा."

काळुरामने अडकित्ता खाली ठेवला. "कारण सांग."

मालनने तोंड उघडलं. सगळ्यांनी कान टवकारले. आणि तिने तोंड परत मिटलं.

"कारण नाही सांगता येत."

सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हिला वर काहीतरी कळलंय, तिने ओळखलं. आणि आता ही सावकाश, चवीचवीने, अख्ख्या भावकीत ते सांगत फिरणार. बारावीच्या वेळचं सगळं तिच्या अंगावरून परत गेलं. तिने मालनच्या दंडाला धरून तिला आत ओढलं.

"काय आहे ते आत्ता माझ्या तोंडावर बोल. पोरीत खोट आहे का काही?"

"पोरगी सोन्यासारखी आहे."

"मग थांबायचं कशाला?"

"ताई, नाही सांगू शकत."

"तू? तू नाही सांगू शकत?" सुमतीचा आवाज चढला. "माझ्या पोराचे मार्क गावभर वाटलेस तेव्हा नाही अडखळली तुझी जीभ. आज माझ्याच घरातलं माझ्यापासून लपवतेस? मुद्दाम करतेस ना हे?"

मालनला वाटलं, सांगून टाकावं. चार शब्दांचं काम. सुमतीताई काही वाईट बाई नाही, ऐकलं तर उलट पोरीला पोटाशी धरेल. सांगितलं की हिचा राग जाईल, भाऊजी शांत होतील, माझ्यावरचा आळ जाईल. शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. तिने हंड्यातून पेलाभर पाणी घेतलं आणि ते सगळं पाणी तोंडात धरून उभी राहिली.

बाहेर दिपेशमामा उठले होते. "वाळंजसाहेब, पाट मांडून सुपारी थांबवायची म्हणजे आमचा अपमान आहे. आमची मुलगी काय रस्त्यावर पडलीय का? ताई, ऊठ. पायलला हाक मार. आपण निघू."

मंदाकिनी उठली नाही. पायल गच्चीवर का गेली, काय बोलली, हे ती पहिल्या क्षणाला समजली होती. सोळा वर्षं तिने ही गोष्ट झाकून ठेवली, टिटवाळ्याला घर बदललं, नातेवाईक तोडले. आणि पोरीने ती नेऊन ठेवली कोणाच्या हातात, तर या बाईच्या! मालन पाणी गिळून, पेला पुन्हा भरून बाहेर आली, तशी मंदाकिनीने तिच्याकडे बघितलं. आता ही बोलणार, इथेच, सगळ्यांसमोर, म्हणून तिने पदराचं टोक मुठीत आवळलं.

मालन तिच्याजवळ आली, वाकली आणि म्हणाली, "पाणी घेता विहीणबाई?"

तेवढंच. मग ती तिच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली.

मंदाकिनीने पाणी घेतलं. ते पिऊन झाल्यावर ती भावाला म्हणाली, "दिपेश, बस खाली. या बाई थांबा म्हणतायत तर थांबायचं."

"तू पण? अगं, कारण तरी काय?"

"मला कारण नकोय."

आता काळुरामचा तोल सुटला. मुलीची आईच थांबायला तयार, म्हणजे सगळ्यांना काहीतरी माहीत आहे आणि घरच्या कर्त्यालाच नाही. त्याने धाकट्या भावाकडे मोर्चा वळवला. "दौलत, तुझी बायको आहे ती. विचार तिला. आत्ताच्या आत्ता विचार."

दौलत खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. थोरल्या भावासमोर त्याने जन्मात तोंड वर करून बोललेलं कोणी बघितलं नव्हतं. दिवा स्टेशनजवळची खोली विकताना नाही, आईच्या आजारपणात नाही. दादा म्हणेल ती पूर्व. त्याने मालनकडे बघितलं. ती चेहरा लालबुंद करून बसली होती, दोन्ही हात मांडीखाली दाबून. त्याला तिची अशी काही दया आली, आणि लगेच अभिमानही वाटला.

"नाही विचारत दादा," तो म्हणाला.

"काय?"

"हिच्या पोटात काही राहत नाही हे तुलाही माहितीय, मलाही. काल स्वतःची फजिती झाली तीसुद्धा दारातच सांगितली हिने मला. ही बाई आज गप्प बसलीय. तू ओरडलास, वहिनी ओरडल्या, तरी गप्प आहे. म्हणजे ती गोष्ट तिची नसणार. दुसऱ्याची असणार. मग आपण कशाला हात घालायचा? पोरगा येईपर्यंत थांबू."

काळुरामने मान वर केली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजून गेले. "लागला राहुकाळ," तो म्हणाला आणि सुपारीवर फडकं टाकलं.

*

ऋतुराज हारांची पिशवी घेऊन आला तेव्हा पायल जिन्यातच उभी होती. "गच्चीवर चल," ती म्हणाली, आणि आत डोकावून, "काकी, तुम्ही पण या."

"मी कशाला आता?"

"शेजारी बसायला."

बाकावर तिघं बसली. मधे पायल. पायल बोलली तेव्हा मालन तिच्याकडे बघत नव्हती, समोरच्या कुरडयांकडे बघत होती. एकदा पायलचा आवाज अडकला, तेव्हा वाक्य पुरं करून द्यावं असं मालनला फार वाटलं. तिने केलं नाही. पायलने स्वतःच केलं.

ऋतुराज ताडकन उठला. टाकीपर्यंत गेला, परत आला. "कोण होता तो? नाव सांग. कुठे राहतो साला?"

"नाव नकोय ऋतुराज. त्याचं काय करायचं ते कोर्टाने केलं. मला तुझ्याशी बोलायचंय, त्याच्याबद्दल नाही. तुला नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. सुपारी फुटलेली नाही."

तो उभाच राहिला. पोरा, नीट बोल रे, काहीतरी धड बोल, असं मालन मनातल्या मनात ओरडत होती. देवाला नवससुद्धा बोलून झाला तिचा.

"म्हणून तू लॅबमध्ये जिन्याने येतेस," ऋतुराज शेवटी म्हणाला. "आणि मी हसायचो तुला. डाएटिंग चाललंय म्हणून चिडवायचो सगळ्यांसमोर."

"तुला काय माहीत."

"नाही, पण हसायचो ना यार." तो तिच्या पुढ्यात खाली बसला. डोळे पुसायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. "मी नाही कशाला म्हणू पायल? तू काय केलंयस? फक्त मला शिकव. मला कळत नाही, अशा वेळी काय बोलायचं असतं."

"काही नको बोलूस. बस इथे."

तो तिच्या दुसऱ्या बाजूला बसला. मालन हळूच उठली आणि जिन्याकडे निघाली. तिचं काम झालं होतं. पहिल्या पायरीवर बसून तिने पदर तोंडात कोंबला आणि पोटभर रडून घेतलं.

*

"बाबा, फोडा सुपारी," खाली येऊन ऋतुराज म्हणाला.

"काय बोलणं झालं तुमचं वर?"

"आमचं बोलणं झालं. तुम्ही सुपारी फोडा."

"अरे, पण मला कळायला नको? मालन, तू होतीस ना वर? काय झालं?"

पायल पुढे झाली. "काका, माझ्या लहानपणची एक गोष्ट होती. ती ऋतुराजला सांगायची होती, ती सांगितली. कधी वाटलं तर तुम्हालाही सांगेन. आज नाही."

काळुराम आणखी काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सुमती म्हणाली, "अहो, पुरे आता. पोराने हो म्हटलंय ना? सहानंतर फोडा. सुपारी काय पळून जातेय का? आणि दिपेशभाऊ, तुम्ही पोहे अर्धेच टाकलेत. ते संपवा आधी."

काळुरामने एक सुस्कारा सोडला. "माझ्या घरात मलाच काही कळत नाही," तो पुटपुटला, पण बसला. दौलतने त्याच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. मंदाकिनी लेकीला जवळ घेऊन एका कोपऱ्यात बसली होती. मंदाकिनी नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

मालन स्वयंपाकघरात येऊन ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. सुमती भज्यांसाठी कांदा चिरत होती.

"मला तरी सांगणार आहेस का?" सुमतीने मान वर न करता विचारलं.

"नाही."

"घरच्या माणसालाही नाही?"

"नाही ताई. रागव हवं तर. त्या दिवशी ऋतुराजचं मी बोलायला नको होतं. तेव्हा मला अक्कल नव्हती. पण हे नाही सांगणार."

कांदा चिरून झाला, तरी सुरी सुमतीच्या हातातच होती. बाहेर सान्वी बांगड्यांचा डबा उपडा करून खेळत होती, त्यांचा किणकिणाट येत होता.

"राहुकाळ संपला रे!" बाहेरून काळुरामचा आवाज आला. "या सगळ्यांनी!"

"चला," म्हणून मालन उठायला लागली, तर सुमतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"मालन, ते तुझं काम... त्या पोरांचंच ऐकता का तुम्ही? का मोठ्या झालेल्या बाईचंही चालतं?"

सुमती सान्वीकडे बघत होती.

"मी सान्वीएवढी होते," ती म्हणाली. "आजोळी. आईलासुद्धा नाही सांगितलं कधी. यांना नाही. कोणालाच नाही."

बाहेर अडकित्त्यात सुपारी कडकन फुटली. टाळ्या झाल्या, दिपेशमामांनी मोठ्याने अभिनंदन केलं, काळुराम परत हाका मारायला लागला. त्या गलक्यात मालनने काही विचारलं नाही. तिने पायाने दुसरं स्टूल ओढलं आणि आपल्याला लागून ठेवलं. सुमतीने सुरी खाली ठेवली आणि तिच्या शेजारी येऊन बसली.